शीत प्रदेशातील मोटारीसाठी बॅटरीची निवड

लडाखमधील लेह हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसलेले आहे. जानेवारी महिन्यात तेथील रात्रीचे तापमान उणे १५ अंश सेंटिग्रेडच्या आसपास असते. काही रात्री ते त्याहूनही बरेच खाली जाते. अशा रात्रीनंतर सकाळी किल्ली फिरवावी आणि एंजिनाने एक-दोन मंद हेलकावे खाऊन स्वस्थ बसावे, हा तेथील वाहनधारकांच्या परिचयाचा प्रकार होय. वस्ती विरळ आणि रस्ते लांबचे असल्यामुळे हा प्रसंग केवळ गैरसोयीचा राहत नाही. आडवाटेवर तो जिवावरही बेतू शकतो. मग जुनी बॅटरी टाकून नवी घेतली जाते. भारतातील नित्य व्यवहारात ती बहुधा अँपिअर-तासांच्या आकड्यावरून मागितली जाते. थंडीच्या दृष्टीने हा आकडा अपुरा का आहे, आणि त्याच्या जोडीस आणखी काय पाहिले पाहिजे, हे समजण्यासाठी बॅटरीच्या अंतरंगात थोडे शिरणे अवश्य आहे.

मोटारीत आजही सर्रास वापरली जाणारी शिसे-अम्ल बॅटरी मुळात गास्ताँ प्लान्टे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शोधली. मोटारीत तिला अढळ स्थान मिळाले ते पुढे १९१२ मध्ये, चार्ल्स केटरिंग याने विकसित केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक मोटारींत बसविला गेला तेव्हापासून. हिच्या प्रत्येक घटात एक पट्टिका सच्छिद्र शिशाची आणि दुसरी लेड डायऑक्साइडची असते. दोन्ही सौम्य गंधकाम्लात बुडविलेल्या असतात. वीज देताना दोन्ही पट्टिकांवर लेड सल्फेट तयार होते, अम्ल खर्ची पडते आणि पाणी निर्माण होते. बॅटरी भारित करताना हीच क्रिया उलट दिशेने घडते. प्रत्येक घटाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट असतो. सहा घटांची पूर्ण भारित बॅटरी म्हणूनच १२.६ व्होल्टच्या आसपास दाब दाखविते.

आता अँपिअर-तासांचा हिशेब पाहू जाता एक गोष्ट चटकन लक्षात येते. लहान पेट्रोल मोटारीचा स्टार्टर साधारणतः १५० ते २५० अँपिअर प्रवाह घेतो. २०० अँपिअर प्रवाह तीन सेकंद चालला असे धरल्यास खर्च होतो तो ६०० अँपिअर-सेकंद, म्हणजे एका अँपिअर-तासाचा अवघा सहावा हिस्सा. ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीच्या दृष्टीने हा साठा अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. तेव्हा एंजिन फिरत नाही ते सामान्यतः साठा संपला म्हणून नव्हे, तर तो हव्या त्या वेगाने बाहेर पडत नाही म्हणून. रांजण काठोकाठ भरलेला असला तरी तोटी अरुंद असेल तर घागर लवकर भरत नाही, तसाच हा प्रकार आहे. अँपिअर-तासांचा आकडा रांजणाचे माप सांगतो. आणि तेही २५ अंश तापमानात, वीस तासांत सावकाश वीज काढून घेतलेले. तोटीविषयी तो काहीच सांगत नाही.

थंडी ही तोटीच आवळते. अम्ल दाट होते, त्याची विद्युत्संवाहकता घटते आणि पट्टिकांच्या सूक्ष्म छिद्रांत ताजे अम्ल पोहोचण्याची क्रिया मंदावते. बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. मोठा प्रवाह मागताच दाब कोसळतो. २७ अंश तापमानातील प्रवाह देण्याची शक्ती पूर्ण मानली, तर शून्य अंशाला ती सुमारे ६५ टक्के आणि उणे १८ अंशांना सुमारे ४० टक्के उरते, असा ढोबळ अंदाज व्यवहारात धरला जातो. दुसऱ्या बाजूस एंजिनातील तेलही दाट झालेले असते, त्यामुळे मागणी मात्र वाढते. डीझेल एंजिनाची अडचण अधिक मोठी. कारण इंधन पेटण्यास लागणारी उष्णता तेथे हवेच्या दाबणीतूनच मिळवावी लागते. थंडीत योग्य पातळपणा राखणारे तेल वापरणे हा म्हणूनच बॅटरीला मदत करण्याचा एक स्वस्त मार्ग ठरतो.

तोटीचे माप सांगणारा आकडा स्वतंत्रपणे दिला जातो. त्यास ‘कोल्ड क्रँकिंग अँपिअर’ अथवा संक्षेपाने ‘सीसीए’ म्हणतात. अमेरिकेतील एसएई मानकानुसार पूर्ण भारित बॅटरी उणे १८ अंशांना ३० सेकंदपर्यंत, दाब ७.२ व्होल्टच्या खाली न जाता, जितका प्रवाह देते तो हा आकडा होय. युरोपीय व जुन्या जर्मन मानकांच्या कसोट्या वेगळ्या आहेत. एकाच बॅटरीचा जुना जर्मन आकडा एसएई आकड्याच्या सुमारे ६० टक्के इतका असू शकतो. कित्येकदा नुसता ‘सीए’ असा आकडा छापलेला असतो. तो शून्य अंशाचा असल्यामुळे मोठा दिसतो. यास्तव दोन बॅटऱ्यांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच मानकाचे आहेत की नाहीत, हे प्रथम पाहावे. मोटारीच्या निर्मात्याने सांगितलेला आकडा ही किमान मर्यादा समजावी.

मग ज्या बॅटरीचा सीसीए सर्वांत मोठा तीच उत्तम, असे म्हणावे काय? येथे विचार करावा लागतो. त्याच आकाराच्या पेटीत अधिक प्रवाह मिळवायचा तर पट्टिका अधिक आणि पातळ कराव्या लागतात, म्हणजे अम्लाशी संपर्क असलेले क्षेत्रफळ वाढते. परंतु पातळ पट्टिकांची जाळी उष्णतेत लवकर झिजते. उष्णता ही या बॅटरीची खरी वैरीण आहे. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य सुमारे निम्म्यावर येते, असा ढोबळ नियम सांगितला जातो. नागपूरच्या उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांच्या घरात जाते आणि एंजिनाजवळ ते त्याहून पुष्कळ अधिक असते. जी बॅटरी जानेवारीत लेहमध्ये दगा देते, तिचा ऱ्हास अनेकदा मे महिन्यातच सपाटीवर झालेला असतो. थंडी तो केवळ उघडकीस आणते. यावरून निवडीचे दोन मार्ग वेगळे होतात. बाराही महिने शीत प्रदेशात राहणाऱ्याने पेटीत मावेल तितक्या अधिक सीसीएची बॅटरी घ्यावी. विदर्भातून पंधरा दिवसांसाठी उत्तरेस जाणाऱ्याने मात्र शिफारस केलेल्या मापाचीच, पण नवी, सुस्थितीतील आणि पूर्ण भारित बॅटरी असण्यावर भर द्यावा.

पूर्ण भारित असण्याचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. वीज खर्च होईल तसे अम्ल पाण्याजवळ येत जाते आणि त्याचा गोठणबिंदू चढतो. विशिष्ट गुरुत्व १.२६५ असताना ते सुमारे उणे ५७ अंशांपर्यंत गोठत नाही, १.२०० असताना ही मर्यादा सुमारे उणे २७, १.१५० असताना उणे १५ आणि १.१०० असताना केवळ उणे ७ अंश उरते. चतुर्थांश साठा शिल्लक असलेल्या बॅटरीचे विशिष्ट गुरुत्व १.१५ च्या आसपास असते. म्हणजे रात्रभर दिवे चालू राहिलेली मोटार लेहच्या एका रात्रीत बॅटरी गमावू शकते. गोठलेले अम्ल प्रसरण पावून पट्टिका व पेटी फोडते. अशी बॅटरी भारित करण्याचा अथवा दुसऱ्या मोटारीची तार जोडून सुरू करण्याचा प्रयत्न कदापि करू नये. स्फोटाचा धोका असतो. उष्ण प्रदेशांसाठी काही बॅटऱ्यांत अम्ल मुळातच किंचित सौम्य भरलेले असते, हेही ध्यानात ठेवावे.

दुकानात खरेदी करताना मापे, ध्रुवांची बाजू आणि पकड जुळतात की नाहीत हे तपासावे. निर्मितीचा महिना पाहावा. दीर्घकाळ न वापरता पडून राहिलेल्या बॅटरीवर सल्फेटाचे कठीण थर बसतात. काही तास स्वस्थ असलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या जवळपास असावा; १२.२ व्होल्ट म्हणजे साठा निम्मा झालेला. थांब्यावर एंजिन आपोआप बंद होणाऱ्या मोटारींत काचतंतूंत अम्ल शोषून घेतलेली ‘एजीएम’ अथवा सुधारित द्रव-अम्ल ‘ईएफबी’ बॅटरी असते. तेथे मूळ प्रकाराहून हलक्या प्रकाराची बॅटरी घालू नये. एजीएम बॅटरीचा अंतर्गत रोध कमी असल्यामुळे ती थंडीत चांगली चालते, तथापि मोटारीची भारण-व्यवस्था तिला अनुकूल आहे याची खात्री करून घ्यावी.

थंड बॅटरी वीज स्वीकारतेही मंदपणे. चार-पाच मिनिटांच्या फेऱ्यांनी सुरुवातीचा खर्च भरून निघत नाही आणि उत्तम बॅटरीही हळूहळू रिती होत जाते. आठवड्यातून एकदा लांब फेरी अथवा घरच्या चार्जरवर रात्रभर भारण, याला पर्याय नाही. मोठा सीसीए हा पूर्ण भारित बॅटरीचा गुण आहे. अर्ध्या रित्या बॅटरीवर छापलेला तो आकडा उणे १८ अंशांच्या सकाळी एंजिन फिरवीत नाही.