चंद्र नावाच्या भाषेचे व्याकरण

मराठी शिकणारा परभाषक हमखास विचारतो : भात 'तो', भाजी 'ती' आणि वरण 'ते', असे का? आपण म्हणतो, 'असेच आहे.' याहून चांगले उत्तर आपल्याकडे नसते, कारण हे ठरवणारा कोणी नव्हताच. ज्ञानेश्वरी १२९० सालची, तर दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण छापले गेले १८३६ साली. भाषा आधी झाली, नियम मागाहून शोधले गेले.

संगणकाच्या भाषेत हा क्रम उलटा असतो. तिथे आधी कोणीतरी बसून नियम ठरवतो आणि मग त्या भाषेत पहिले वाक्य लिहिले जाते. त्यामुळे नवशिक्याच्या 'का?'ला तिथे उत्तर असू शकते. तरीही तो प्रश्न बहुधा बावळट समजून झटकला जातो. 'लुआ' या छोट्या भाषेबद्दल नवशिके जे विचारतात त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत. त्यांची उत्तरे शोधताना भाषा कोणासाठी घडवली गेली, हेही कळत जाते.

लुआ म्हणजे पोर्तुगीज भाषेत चंद्र. ही भाषा १९९३ साली ब्राझीलमध्ये, रिओ दि जानेरोच्या पाँटिफिकल कॅथॉलिक विद्यापीठात जन्मली. रॉबर्टो येरुसालिमस्की, लुईझ एन्रिके दि फिगेइरेदो आणि वाल्देमार सेलेस हे तिचे तीन कर्ते. १९७७ ते १९९२ या काळात ब्राझीलने परदेशी संगणक आणि सॉफ्टवेअर यांच्या आयातीवर कडक निर्बंध घातले होते, त्यामुळे लागेल ते साधन घरीच बनवायची सवय तिथे जडली होती. विद्यापीठातील 'टेकग्राफ' हा गट पेट्रोब्रास या तेल कंपनीसाठी काम करी. त्यांनी आधी दोन लहान भाषा केल्या होत्या. त्यांपैकी एकीचे नाव 'सोल', म्हणजे सूर्य. दोन्हींच्या जागी एकच भाषा आणायचे ठरले, तेव्हा सूर्यामागून चंद्र आला.

ही भाषा वापरणार होते अभियंते आणि भूवैज्ञानिक. प्रोग्रामिंग हा त्यांचा पेशा नव्हता, म्हणून लिखाण गूढ नको, अशी कर्त्यांनी स्वतःलाच अट घातली. लुआ 'हलकी' आहे ती आकाराने. तिचा सारा संसार काही शे किलोबाइटांत मावतो. 'स्क्रिप्टिंग' भाषा म्हणजे दुसऱ्या मोठ्या प्रोग्रामच्या पोटात राहून त्याला सूचना देणारी भाषा. लाइटरूम हे छायाचित्रांचे सॉफ्टवेअर आणि वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा खेळ यांच्या पोटात लुआ आहे. २०१३पासून ती विकिपीडियातही आली. मराठी विकिपीडियावरच्या लेखांतल्या माहितीचौकटींमागेही आज तिचे काम चालते.

पहिला प्रश्न मोजणीचा. सी किंवा पायथन शिकून आलेला विचारतो, 'इथे यादी शून्याऐवजी एकापासून का सुरू होते?' सी भाषेत क्रमांक म्हणजे आरंभापासूनचे अंतर, म्हणून पहिल्या वस्तूचे अंतर शून्य. आपल्या इमारतीत तळमजल्यानंतर पहिला मजला येतो, तसाच हा हिशेब. पण जमिनीतून काढलेले खडकाचे नमुने ओळीने मांडणारा भूवैज्ञानिक पहिल्या नमुन्याला पहिलाच म्हणतो. लुआची मोजणी त्याच्या बोटांवरची आहे.

दुसरा प्रश्न शून्याचाच, पण वेगळ्या अंगाने. 'जर अमुक असेल तर' अशी अट लिहिली आणि अमुकच्या जागी ० आला, तर सी भाषा त्याला 'नाही' समजते, लुआ मात्र 'आहे' समजते. नवशिका इथे हटकून अडखळतो. त्याने पर्जन्यमापकाची नोंदवही आठवावी. एखाद्या तारखेपुढे '०' लिहिले असेल, तर त्या दिवशी मोजणी झाली आणि पाऊस पडला नाही. रकाना कोरा असेल, तर मोजणीच झाली नाही. या कोऱ्या रकान्याला लुआत 'निल' म्हणतात. अटीत 'नाही' ठरतात ते दोनच : निल आणि 'फॉल्स', म्हणजे उघड उघड असत्य. शून्य ही नोंद आहे, आणि नोंद म्हणजे असणे.

तिसरा प्रश्न : शब्द जोडायला अधिकचे चिन्ह का चालत नाही, दोन टिंबे (..) का लागतात? इथे उदाहरणच बोलते. अवतरणात लिहिलेला "१०" हा मजकूर आणि ५ हा आकडा लुआत + ने जोडले, तर उत्तर १५ येते. तेच .. ने जोडले, तर १०५ येते. बेरीज आणि जोडणी या दोन क्रिया आहेत, म्हणून चिन्हेही दोन. जावास्क्रिप्टमध्ये दोन्ही कामांना एकच चिन्ह आहे, आणि १५ हवे असताना १०५ मिळाल्याचा अनुभव तिथे अनेकांना येतो.

चौथा प्रश्न टिंब आणि विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांचा. एखाद्या वस्तूकडून काम करून घेताना कधी . तर कधी : लिहितात, ते का? मराठीत 'आलो' म्हटले की 'मी' सांगावा लागत नाही, कर्ता क्रियापदात दडलेला असतो. लुआतले : तेच करते. काम कोणाचे ते पहिल्या जागी गुपचूप भरून देते. साधे . वापरले, तर कर्ता आपणच लिहायचा. तो विसरला, की काम निल नावाच्या कोणाचे तरी होऊन बसते आणि प्रोग्राम अडतो.

पाचवा प्रश्न तक्रारवजा आहे, आणि तक्रार रास्त आहे. लुआत नाव वापरण्याआधी जाहीर करावे लागत नाही. पण 'लोकल' हा शब्द पुढे लावला नाही, तर ते नाव साऱ्या प्रोग्रामभर पसरते. शिवाय एका अक्षराची चूक झाली, तरी लुआ ओरडत नाही. असे नाव माहीत नाही म्हणून निल हातात ठेवते, आणि चूक भलत्याच ठिकाणी उगवते. चार ओळी लिहिणाऱ्या अभियंत्याला ही सवलत होती. हजारो ओळी लिहिणाऱ्याला तिची किंमत मोजावी लागते. म्हणून जाणते लोक सांगतात, 'लोकल' लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

मग येतात 'नाही'चे प्रश्न. इतर भाषांत असलेले += हे चिन्ह नाही, 'कंटिन्यू' नाही. लुआच्या ५.४ आवृत्तीत राखीव शब्द अवघे बावीस आहेत. तिघांचे एकमत झाल्याखेरीज भाषेत नवे काही घालायचे नाही, हा कर्त्यांचा शिरस्ता. प्रत्येक सोय नाकारताना कोणी तरी नाराज होते, पण त्यातूनच ती हलकी राहिली.

शेवटचा प्रश्न मात्र मराठी वाचकाचा आहे. लुआत # हे चिन्ह मजकुराची लांबी सांगते. 'चंद्र' या शब्दाची लांबी विचारली, तर उत्तर येते १५! कारण लुआ अक्षरे मोजत नाही, बाइट मोजते. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. च, अनुस्वार, द, हलन्त आणि र अशी पाच चिन्हे, म्हणून पंधरा. १९९३ साली पोर्तुगीजचे एक अक्षर बहुधा एका बाइटात बसे, त्यामुळे रिओत हा हिशेब कोणाला खटकण्याचे कारण नव्हते. २०१५च्या ५.३ आवृत्तीत चिन्हे मोजण्याची सोय आली. ती वापरली, तर उत्तर ५ मिळते. शाळेतले मूल मात्र बोटे मोजून सांगते : चं, द्र. दोन.

भाषा घडली त्या खोलीत भूवैज्ञानिकाचा विचार होता, म्हणून मोजणी एकापासून सुरू झाली. देवनागरी वाचणाऱ्याचा नव्हता, म्हणून पंधरा आले. पंधरावरून पाचापर्यंत यायला बावीस वर्षे लागली. पाचावरून दोनापर्यंतचे अंतर प्रोग्राम लिहिणाऱ्याला आजही स्वतःच कापावे लागते. म्हणून एखाद्या मुलीने संगणकासमोर बसून 'चंद्र या शब्दात अक्षरे किती?' असे विचारले, तर तिला 'असेच आहे' म्हणून गप्प करू नये. हे ठरवणारी माणसे आहेत, आणि पुढच्या वेळी ठरवणाऱ्यांत तीही असू शकते.