मधुमेह : गूळ, फुटाणे आणि लांबलेले जेवण

बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात एक समजूत घट्ट आहे : साखर वाईट, गूळ चालतो. मधुमेही मंडळी म्हणूनच निर्धास्तपणे गुळाचा चहा घेतात. पण गूळही उसाचाच. रक्तातील साखर तोही जवळजवळ तितकीच वाढवतो. चहाबरोबर खारी-बटरही नको. मूठभर फुटाणे, ताक किंवा पेरूच्या फोडी (रस नव्हे) खाव्यात.

इन्सुलिन वा गोळी घेऊन जेवण मात्र लांबवू नये. दारे धरताना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, तर साखर उतरली असे समजावे. अशा वेळी ३ चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी. एरवी वर्ज्य असलेला गूळही तेव्हा चालतो! १५ मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात काहीही न घालता तडक दवाखाना गाठावा.