कुलाब्याची नोंदवही आणि प्लाझ्माची पीएचडी

2 सप्टेंबर 1859. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकमापकांची वाचनं घेणं चालू होतं. एरवी तासातासाने, पण सुया अस्वस्थ झाल्या की पंधरा मिनिटांनी, प्रसंगी पाच मिनिटांनीही नोंद करायची, असा तिथला शिरस्ता. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक एकदम सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी घसरला. सूर्यावरून निघालेला प्लाझ्माचा लोंढा पृथ्वीवर येऊन आदळला होता. 2003 साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या गुरबक्ष लाखिना आणि एस. अलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांसोबत याच आकड्यांवर शोधनिबंध लिहिला. जुनी नोंदवही नव्या संशोधनाचा कच्चा माल ठरली.

नागपुरात एम.एस्सी. फिजिक्स करणाऱ्या मुलामुलींना ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. प्लाझ्मात पीएचडी म्हटलं की बहुतेकांना टोकामॅकच आठवतो. त्यात चूक काही नाही. गांधीनगरजवळच्या भाट गावातल्या इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्चमध्ये 1989 पासून ‘आदित्य’ हा टोकामॅक आहे, फ्रान्समधल्या ‘इटर’ प्रकल्पातला भारताचा वाटाही तीच संस्था सांभाळते. तिथे जायचं तर ‘जेस्ट’ ही प्रवेशपरीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण व्हावी, मुलाखतीचं बोलावणं आलं की प्रेरणा एक्स्प्रेसने अहमदाबाद गाठावं.

पण प्रश्न आधी ठरवावा, संस्था नंतर. सूर्यवादळांचं कुतूहल असेल तर नवी मुंबईची भूचुंबकत्व संस्था आहे. तिची एक चुंबकीय वेधशाळा नागपुरातच आहे. प्रचंड तीव्रतेच्या लेसरने पदार्थाचा क्षणार्धात प्लाझ्मा कसा होतो, हे मुंबईच्या टीआयएफआरमध्ये अभ्यासतात. प्लाझ्माच्या उष्णतेत नॅनोकणांची पूड तयार करण्याचं काम पुणे विद्यापीठात झालं आहे. घर सोडणं शक्य नसेल, तर व्हीएनआयटी किंवा नागपूर विद्यापीठात गाइड शोधताना नुसती रिकामी जागा पाहू नये. त्या गाइडचे गेल्या पाच वर्षांतले शोधनिबंध वाचावेत. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या ‘आदित्य-एल1’ या यानाची निरीक्षणं इस्रोने खुली केली आहेत, त्यांवर काम करायला मोठं यंत्र दाराशी लागत नाही.

पैशाचं म्हणाल तर केंद्र सरकारची जेआरएफ 2023 पासून पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आहे, पुढे 42,000, घरभाडं वेगळं. 2024 पासून ‘नेट’चे गुण पीएचडी प्रवेशालाही धरले जातात. इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गांतल्या संशोधकांसाठी फेलोशिप देणाऱ्या ‘महाज्योती’चं मुख्यालय तर नागपुरातच आहे, आणि तरीही अर्जाची तारीख उलटल्यावर चौकशी करणारे असतात. याचं वाईट वाटतं.

प्रयोगाची आवड आहे की नाही, हे मात्र घरी बसून कळत नाही. निर्वात कक्षाचा दाब खाली उतरत नसला की एकेका सांध्यावर हेलियमची बारीक धार सोडायची आणि गळतीशोधक यंत्राच्या आकड्याकडे बघत बसायचं. कधीकधी दिवसच्या दिवस यातच जातात. म्हणून एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात एखाद्या प्रयोगशाळेत राहून यावं. तिथे सिनियर विद्यार्थ्यांशी आधी बोलावं. यंत्र वर्षातून किती महिने चालू असतं आणि पीएचडीच्या सिनॉप्सिसपर्यंत पोहोचायला किती वर्षं लागतात, हे त्यांनाच विचारावं.