लव्हेंडरचे शेत पाहावयाचे असेल तर

एखादा किल्ला पाहावयाचा असला, म्हणजे आपण आपल्या सवडीप्रमाणे दिवस ठरवितो. किल्ला जागचा हलत नाही. या वर्षी जमले नाही, तर पुढल्या वर्षी तो तेथेच भेटतो. शेताचे मात्र तसे नाही. तेथे आपली सवड बाजूस ठेवून पिकाची सवड पाहावी लागते. फ्रान्स देशाच्या आग्नेय भागात प्रोव्हान्स नावाचा प्रदेश आहे. तेथील लव्हेंडरची जांभळी शेते पाहण्यासाठी देशोदेशींचे प्रवासी येतात. परंतु जो प्रवासी ऑगस्टच्या अखेरीस तेथे पोहोचतो, त्याला कापलेल्या झुडपांच्या करड्या-हिरव्या ओळी तेवढ्या दिसतात.

लव्हेंडर हे आपल्या तुळशीच्या व पुदिन्याच्या कुळातले झुडूप आहे. तुळशीचा गंध आपण पानांत शोधतो. लव्हेंडरचे सुगंधी तेल मुख्यतः फुलोऱ्यात असते. या झुडपाला भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा होणारी खडकाळ जमीन मानवते. मुळाशी पाणी साचले, की ते मरते. प्रोव्हान्समध्ये याचे दोन प्रकार पिकवितात. एक अस्सल लव्हेंडर. हे उंच डोंगराळ भागात चांगले येते व त्याचे तेल अधिक नाजूक वासाचे मानले जाते. दुसरा प्रकार लव्हँडिन. हा संकरातून झालेला आहे. त्याचे झुडूप मोठे व घुमटासारखे गोल दिसते. त्याला रुजणारे बी धरत नाही, म्हणून त्याची लागवड फांद्यांच्या तुकड्यांपासून करतात. चित्रांत दिसणाऱ्या त्या लांबच लांब, रेखीव ओळी बहुधा या लव्हँडिनच्याच असतात.

आता दिवस कसा ठरवावयाचा? जसजसे उंच जावे, तसतशी हवा थंड होते आणि बहरही उशिरा येतो. हे एक सूत्र ध्यानात धरले, म्हणजे प्रवासाचा अर्धा आराखडा तयार झाला! व्हालन्सोलचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंच आहे. तेथे जूनच्या मध्यापासून रंग चढू लागतो आणि जुलैच्या मध्यानंतर कापणीची घाई सुरू होते. सो हे गाव साडेसातशे मीटरांहून अधिक उंचीवर वसलेले आहे. तेथील शेते जुलैत बहरतात, व कापणी जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालते. म्हणून ज्याला दोन्ही ठिकाणे पाहावयाची आहेत, त्याने जुलैचा पहिला पंधरवडा निवडावा, हे उत्तम. उन्हाळा कडक असला तर बहर आठवडाभर अलीकडे सरकतो. तेव्हा निघण्यापूर्वी तेथील प्रवासी कचेरीकडे चौकशी केलेली बरी. कापणीयंत्र एकदा शेतात शिरले, की काही तासांत सारे शेत रिकामे होते.

पॅरिसहून आव्हिन्यों किंवा मार्सेय या शहरांपर्यंत वेगवान आगगाड्या आहेत. पुढे मात्र गावे विखुरलेली आहेत व बसगाड्या थोड्या आहेत. मोटारीची सोय असल्यास हिंडणे सोपे जाते. गोर्द गावाजवळ सेनांकचा मठ आहे. ११४८ साली स्थापन झालेल्या या दगडी मठात आजही ख्रिस्ती साधू राहतात व मठापुढील जमिनीत लव्हँडिन पिकवितात. सकाळी लवकर अथवा सायंकाळी जावे. भर दुपारी ऊन इतके प्रखर असते, की फुलांचा रंगही फिका वाटतो.

शेतापाशी पोहोचल्यावर पहिली गोष्ट ऐकू येते, ती मधमाश्यांची गुणगुण. मधपाळ आपल्या पेट्या मुद्दाम शेतांच्या कडेला आणून ठेवतात. मधमाश्या आपल्या कामात गढलेल्या असतात. त्यांना डिवचले नाही, तर त्या सहसा कोणाच्या वाटेस जात नाहीत. पेट्यांपासून मात्र दूर राहावे.

पाहुण्याला ही फुलबाग वाटते, परंतु ते कोणाचे तरी पीक असते. रोप लावल्यावर पूर्ण बहर येण्यास दोन-तीन वर्षे लागतात. अस्सल लव्हेंडरचे एक किलो तेल निघावयास शंभर किलोंहून अधिक फुलोरा लागतो. तुमच्या शेतातील भरल्या कणसांतून अनोळखी माणसे छायाचित्रांसाठी धावू लागली, तर तुमच्या घरच्यांना काय वाटेल? तेथील शेतकऱ्यालाही तेच वाटते. त्यामुळे विचारल्यावाचून आत शिरू नये, झुडपांवर पाय देऊ नये आणि तुरे खुडू नयेत. तुऱ्यांची जुडी हवीच असेल, तर ती शेतकऱ्याच्या दुकानात विकत मिळते.

माझ्या मते, शेताइतकीच पाहण्याजोगी जागा म्हणजे अर्क काढण्याची भट्टी. कापलेला फुलोरा मोठ्या भांड्यात दाबून भरतात व खालून वाफ सोडतात. वाफ तेलाचे अंश आपल्याबरोबर घेऊन वर चढते. पुढे ती थंड पाण्यात बुडविलेल्या वेटोळ्या नळीतून जाते आणि निवून पुन्हा पाणी होते. तेल पाण्याहून हलके असल्यामुळे ते वर तरंगते आणि अलगद वेगळे काढता येते. खाली उरलेले सुगंधी पाणीही टाकून देत नाहीत. कापणीच्या दिवसांत या भट्ट्या भरात चालू असतात. म्हणजे बहर थोडा हुकलेल्या प्रवाशालाही हे दृश्य सापडते.

सो गावी दर वर्षी १५ ऑगस्टला लव्हेंडरचा उत्सव भरतो. तोवर आसपासची पुष्कळशी शेते कापून झालेली असतात. यंत्रे येण्यापूर्वी हे पीक हाताने कापीत असत. उत्सवात त्या जुन्या पद्धतीची स्पर्धा होते. स्पर्धक हाती विळा घेऊन ओळीत वाकतात आणि भराभर तुरे कापू लागतात.