एव्हरेट डर्कसन आणि सदुसष्ट मतांचं गणित

१९६४ साली अमेरिकेच्या सिनेटमधल्या शंभर सदस्यांपैकी ६७ जण डेमोक्रॅटिक पक्षाचे होते. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन त्याच पक्षाचे. हॉटेलं, थिएटरं, शाळा आणि नोकऱ्यांमधला वंशभेद बंद करणारं नागरी हक्क विधेयक त्यांना मंजूर करून घ्यायचं होतं आणि त्याच्यावरची लांबवलेली चर्चा थांबवायला मतं लागत होती नेमकी ६७. आपल्या संसदेचा कारभार पाहणाऱ्याला प्रश्न पडेल, मग अडलं कुठे? अडलं घरातच. सत्ताधाऱ्यांचे वीसहून अधिक सदस्य, बहुतेक दक्षिणेतले, विधेयकाच्या कडव्या विरोधात होते. म्हणून सगळी मदार आली ती ३३ रिपब्लिकनांच्या नेत्यावर, इलिनॉय राज्याच्या एव्हरेट मॅकिन्ली डर्कसन यांच्यावर. ते सनातनी वळणाचे, केंद्र सरकारच्या वाढत्या हस्तक्षेपाला आयुष्यभर विरोध करणारे गृहस्थ. त्यांच्यामुळेच हे विधेयक तरलं असं मला वाटतं. ते कसं, हे समजायला आधी सिनेटची रीत समजून घ्यावी लागते.

आपल्याकडे पक्षाचा व्हिप मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. अमेरिकेत तसं नाही. तिथेही व्हिप नावाचं पद आहे, पण त्याचं काम मुख्यतः मतं मोजण्याचं आणि मन वळवण्याचं. दुसरी गोष्ट बोलण्याची. लोकसभेत चर्चा आवरती घ्यायचा प्रस्ताव साध्या बहुमताने मंजूर होतो. सिनेटमध्ये मात्र एकदा बोलायला उभा राहिलेला सदस्य स्वतःहून बसेपर्यंत त्याला बसवता येत नसे. आठ-दहा जणांनी पाळीपाळीने बोलत राहायचं ठरवलं, की मतदान होतच नाही. यालाच फिलिबस्टर म्हणतात. १९१७ साली त्यावर एक तोड काढली गेली: दोन तृतीयांश मतं मिळाली तर चर्चेला मर्यादा घालता येईल. पण १९२७ नंतर हा उपाय फक्त एकदा, १९६२ मध्ये, यशस्वी झाला होता. नागरी हक्कांच्या विधेयकावर तर एकदाही नाही.

आता माणसाकडे वळू. डर्कसन यांचा जन्म ४ जानेवारी १८९६ रोजी इलिनॉयमधल्या पेकिन या लहान गावात, जर्मनीहून आलेल्या कुटुंबात झाला. वडील इतके कट्टर रिपब्लिकन, की मुलांची नावं त्यांनी पक्षाच्या पुढाऱ्यांवरून ठेवली. एव्हरेटच्या नावात पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले मॅकिन्ली आले आणि त्यांच्या जुळ्या भावाच्या नावात संसदेचे सभापती टॉमस रीड. एव्हरेट लहान असतानाच वडील गेले. परसात भाजीपाला पिकवणाऱ्या स्थलांतरितांच्या वस्तीत आईने मुलांना वाढवलं. पुढे मिनेसोटा विद्यापीठात शिक्षण चालू असताना पहिलं महायुद्ध आलं आणि ते फ्रान्समध्ये तोफखान्यासाठी फुग्यातून टेहळणी करू लागले. परतल्यावर भावांच्या बेकरीत काम केलं, हौशी नाटकं लिहिली. तो खर्जातला, घोळवून बोलणारा आवाज आणि सदा विस्कटलेले केस पुढे देशभर ओळखीचे झाले.

१९३२ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या रूझवेल्ट यांची लाट असतानाही ते कनिष्ठ सभागृहात, म्हणजे प्रतिनिधिगृहात, निवडून आले. १९४८ मध्ये डोळ्यांच्या आजाराने गाठलं. उजवा डोळा काढून टाकावा असा वैद्यकीय सल्ला मिळाला. त्यांनी नकार दिला, राजकारण सोडून विश्रांती घेतली, आणि दृष्टी सावरल्यावर १९५० मध्ये थेट सिनेटमधल्या डेमोक्रॅटिक बहुमताच्या नेत्याला, स्कॉट ल्यूकस यांना, हरवलं. १९५९ पासून मरेपर्यंत ते अल्पमतातल्या रिपब्लिकनांचे नेते होते.

त्यांच्या खात्यात सगळंच अभिमानाचं नाही. कम्युनिस्टांचा शोध घेण्याच्या नावाखाली अनेकांचं आयुष्य उद्ध्वस्त करणाऱ्या जोसेफ मॅकार्थी यांच्या निंदेचा ठराव १९५४ मध्ये आला, तेव्हा डर्कसन यांनी त्याच्या विरोधात मत दिलं. त्यांच्या भूमिका बदलतही असत. दुसऱ्या महायुद्धापासून अमेरिकेने दूर राहावं म्हणणारे डर्कसन १९४१ मध्ये रूझवेल्ट यांच्या परराष्ट्र धोरणाच्या बाजूने उभे राहिले. टीकाकारांना हा दोष वाटे. मला वाटतं, १९६४ मध्ये हाच गुण उपयोगी पडला: स्वतःचं मत बदलताना काय अडतं हे ज्याला ठाऊक असतं, त्याला दुसऱ्याचं कुठे अडलं आहे हेही ओळखता येतं.

प्रतिनिधिगृहाने १० फेब्रुवारी १९६४ रोजी विधेयक २९० विरुद्ध १३० मतांनी मंजूर केलं. सिनेटच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते मिसिसिपीचे जेम्स ईस्टलंड. त्यांच्याकडे गेलेलं विधेयक तिथेच गाडलं जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून बहुमताचे नेते माइक मॅन्सफील्ड यांनी ते समितीला वगळून थेट सभागृहाच्या कामकाजात आणलं. मार्चमध्ये दक्षिणेतल्या सदस्यांनी जॉर्जियाचे रिचर्ड रसेल यांच्या नेतृत्वाखाली भाषणं सुरू केली.

सभागृहात भाषणं चालू होती, खरं काम मात्र डर्कसन यांच्या दालनात होत होतं. विधेयकाची सूत्रं डेमोक्रॅट सदस्य ह्युबर्ट हंफ्री यांच्याकडे होती. ते, न्याय खात्याचे अधिकारी आणि डर्कसन यांचे वकील एकेका कलमाचा कीस काढत बसत. डर्कसन यांना सर्वांत जास्त खटकत होतं नोकरीतल्या भेदभावाचं प्रकरण. इलिनॉयमध्ये तसा राज्याचा कायदा १९६१ पासूनच होता. या विधेयकाने नेमल्या जाणाऱ्या वॉशिंग्टनच्या आयोगाने त्यावर कुरघोडी का करावी, हा त्यांचा प्रश्न.

तोडगा काय निघाला, ते उदाहरणाने पाहू. समजा, शिकागोतल्या कृष्णवर्णीय कामगाराला रंगामुळे नोकरी नाकारली गेली. मूळ मसुद्यात केंद्रीय आयोगाला स्वतः मालकाला कोर्टात खेचता येणार होतं. नव्या मसुद्यात असं ठरलं, की ज्या राज्यात असा कायदा आहे तिथे तक्रार आधी राज्याच्या यंत्रणेकडे जाईल आणि तिला ६० दिवस मिळतील. मग केंद्रीय आयोग समेटाचा प्रयत्न करील. तोही फसला तर कामगार स्वतः कोर्टात जाईल. सरकारतर्फे ॲटर्नी जनरल दावा लावतील तो भेदभाव ही नेहमीची रीतच झाली असेल तिथे.

यात कामगाराच्या पदरात कमी पडलं, हे मान्य करायला हवं. आयोगाला स्वतः दावा लावायचा अधिकार मिळायला १९७२ साल उजाडलं. पण मध्यपश्चिमेतल्या लहान राज्यांच्या रिपब्लिकन सदस्यांना आता मतदारांपुढे सांगता येण्याजोगं काहीतरी मिळालं: राज्याचा मान राहिला, आणि वॉशिंग्टनचा माणूस पहिल्याच दिवशी दुकानात शिरणार नाही. बदल शब्दांचे होते, पण एकेका शब्दामागे एकेक मत होतं.

९ जूनच्या संध्याकाळी वेस्ट व्हर्जिनियाचे रॉबर्ट बर्ड बोलायला उभे राहिले आणि १४ तास १३ मिनिटांनी, १० जूनच्या सकाळी ९ वाजून ५१ मिनिटांनी थांबले. डर्कसन थकलेले, आजारी होते, तरीही उठले. हा प्रश्न आता पुढे ढकलता येणार नाही, त्याची वेळ आली आहे, असं त्यांनी सांगितलं. मग चर्चा थांबवण्याच्या प्रस्तावावर नावं पुकारली जाऊ लागली. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल मेंदूच्या गाठीने आजारी होते. त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं आणि त्यांची वाचा गेली होती. नाव पुकारल्यावर त्यांनी बोट डोळ्याकडे नेलं. इंग्रजीत डोळा आणि होकार या दोन्ही शब्दांचा उच्चार ‘आय’. मत नोंदलं गेलं. सातच आठवड्यांत ते वारले.

निकाल लागला ७१ विरुद्ध २९. डेमोक्रॅट ४४, रिपब्लिकन २७. तेहतिसातले सत्तावीस डर्कसन यांच्याबरोबर आले होते. चर्चा थांबली, विधेयक मंजूर झालं आणि २ जुलैला जॉन्सन यांनी कायद्यावर सही केली. त्याच महिन्यात रिपब्लिकन अधिवेशनात डर्कसन यांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी नाव सुचवलं बॅरी गोल्डवॉटर यांचं, ज्यांनी या विधेयकाविरुद्ध मत दिलं होतं. पक्ष आणि विचार त्यांनी सोडलेच नव्हते.

त्यांचा आणखी एक हट्ट होता. अमेरिकेचं राष्ट्रीय फूल झेंडू असावं, म्हणून ते वर्षानुवर्षं सिनेटमध्ये मनापासून भाषणं करत. दसऱ्याला दारावर झेंडूचं तोरण बांधणाऱ्या आपल्यासारख्यांना हा हट्ट लगेच कळेल. तो मात्र त्यांना तडीस नेता आला नाही. तो मान पुढे गुलाबाला मिळाला.

नागरी हक्कांचा प्रश्न मात्र पुन्हा त्यांच्यापुढे आला. १९६६ मध्ये घरं विकताना आणि भाड्याने देताना होणारा वंशभेद बंद करणारं विधेयक आलं, तेव्हा डर्कसन यांनी ठाम नकार दिला आणि ते पडलं. दोन वर्षांनी ते पुन्हा आलं. या वेळी त्यांनी दुरुस्त्यांवर तडजोड केली आणि बाजू बदलली. चर्चा थांबवण्याचा प्रस्ताव तीनदा फसला. ४ मार्च १९६८ रोजी चौथ्यांदा मतदान झालं. ९७ सदस्य हजर, म्हणजे मतं हवी होती ६५. पडली ती बरोबर ६५.