कारभारी बदलला, भाडे कोणास द्यावे?

शनिवार पेठेतील जुन्या वाड्यांत मालक परगावी आणि भाडे वसूल करणारा कारभारी दाराशी, हा प्रकार नवा नाही. एके दिवशी अनोळखी गृहस्थ येऊन सांगतो, 'आजपासून भाडे माझ्याकडे.' एक तारखेस जुनाही हजर असतो! बिऱ्हाडकरूने करावे काय?

कारभारी हा मालकाचा हात, मालक नव्हे. कारखान्यात मुकादम बदलला म्हणून कामगाराची नोकरी पहिल्या दिवसापासून मोजत नाहीत. भाडेपट्ट्याचेही तसेच. 1872 च्या करार कायद्याचे 208 वे कलम सांगते, की प्रतिनिधीचा अधिकार काढून घेतला तरी तिऱ्हाइतास ते कळेपर्यंत त्याच्यापुरता तो अधिकार टिकतो. म्हणजे बदल कळण्यापूर्वी जुन्या कारभाऱ्यास दिलेले भाडे मालकास पोचलेच. कळल्यावर दिले तर जोखीम आपली.

म्हणून मालकाच्या सहीचे पत्र मागावे. पण पत्र येईपर्यंत भाडे अडवून बसू नये. थकबाकी हे बिऱ्हाड खाली करविण्याचे सोपे हत्यार आहे. मालकाच्याच नावे चेक द्यावा. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे थकबाकीचा दावा लेखी मागणीनंतर 90 दिवस लावता येत नाही, आणि पावती न देणे हा गुन्हा आहे. पावत्यांच्या नकला दुसऱ्या घरीही ठेवाव्यात. 1961 च्या पानशेतच्या पुराने या पेठेला ते शिकवले आहे.

खरा धोका निराळाच. 'नुसती नोंद करायची आहे' म्हणून नवा कारभारी एक छापील कागद पुढे करतो. तो अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स'चा निघाला, तर पिढ्यान्‌पिढ्यांचा भाडेकरू एका सहीने पाहुणा ठरण्याची भीती. आम्ही तर म्हणू, वकिलास दाखविल्याशिवाय सही नाही, मग तो कितीही गोड बोलो.

राहिली गळती. 'आधीच्याने काय कबूल केले, मला ठाऊक नाही,' हे उत्तर ठरलेले. दुरुस्तीची जबाबदारी मालकाची आहे. 15 दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत काम न झाल्यास भाडेकरूंनी ते करून खर्च भाड्यातून वळता करावा, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. महिना 60 रुपये भाड्यास ही रक्कम 180 रुपये होते. त्यात कौलारू छप्पर काय दुरुस्त होणार? म्हणून नोटीस सर्व बिऱ्हाडांनी मिळून, पावसाळ्यापूर्वी, थेट मालकास धाडावी आणि नव्या कारभाऱ्यास तिची नक्कल द्यावी.