माइनक्राफ्टमध्ये नवा बाण बनवताय? आधी त्याचं कॉस्टिंग करा

भेस्तान (सुरत) : भेस्तान, उधना, डिंडोली, लिंबायत या पट्ट्यात खान्देशातून आलेली कुटुंबं भरपूर. त्यांची पोरं इकडे मोबाइलवर माइनक्राफ्टचं जग उघडतात आणि नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरची मामे-आते भावंडं तिकडून त्याच जगात येतात. घर बांधून झालं, गुहा खणून झाली की पुढची हौस ठरलेली असते, स्वतःचा नवा बाण बनवायची. ते जमतं, आणि फार अवघडही नाही. पण बाण चुकीचा बनला तर दोन दिवसांत सगळ्यांचा खेळ बसतो. म्हणून हा लेख पोरांसाठी आहे, आणि ‘हे दिवसभर काय चाललंय’ असं विचारणाऱ्या घरच्यांसाठीही.

आधी साधा बाण बघू. एक गारगोटी म्हणजे फ्लिंट, एक काठी, एक पीस, यांतून चार बाण निघतात. ६४ बाणांचा एक गठ्ठा हवा तर १६ गारगोट्या, १६ काठ्या, १६ पिसं. काठ्या फुकटात पडतात. पिसांसाठी कोंबड्या लागतात, एका कोंबडीमागे सरासरी एक पीस. खरा खर्च गारगोटीचा आहे. खडी खणली की दर ठोकळ्याला १० टक्के शक्यता, म्हणजे १६ गारगोट्यांसाठी सरासरी १६० वेळा खणायचं. हीच त्या बाणाची किंमत. रुपयात नसली तरी वेळेत आहेच. खेळाच्या अगदी सुरुवातीच्या आवृत्त्यांत टोकाला लोखंड लागायचं. लोखंडातून कुदळ, तलवार, चिलखत होतं, ते उडवून टाकायच्या बाणाला कोण घालेल? पुढे गारगोटी आली आणि बाण सर्रास वापरात आला. नुसता कच्चा माल बदलला आणि लोकांची खेळायची पद्धत बदलली.

दुसरा हिशेब औषधी बाणांचा, आणि इथे आपली पोरं हमखास गोंधळतात. हे बाण कॉम्प्युटरच्या जावा आवृत्तीत २०१६ साली १.९ या अपडेटमध्ये आले. तिथे मधोमध रेंगाळणाऱ्या औषधाची एक बाटली आणि भोवती आठ बाण ठेवले की आठ औषधी बाण मिळतात. त्या बाटलीसाठी ड्रॅगनचा श्वास लागतो, म्हणजे आधी एंड गाठून ड्रॅगनशी गाठ. एका वेळी तीन बाटल्या उकळतात, म्हणजे २४ बाण. मोबाइलवर मात्र बेडरॉक आवृत्ती असते. तिथे कढईत साधं औषध ओतून बाण बुडवले तरी चालतं. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड रंगात बुडवतात, तसाच प्रकार. एक बाटली ओतली तर १६ बाण रंगतात, दोन ओतल्या तर ३२, आणि तीन ओतल्या तर ४८ नाही, चक्क ६४! घाऊक मालाला सूट म्हणा. त्यामुळे यूट्यूबवर जावाचा व्हिडिओ बघून मोबाइलवर ड्रॅगनमागे धावायची काही गरज नाही.

एवढं स्वस्त पडतं तर खेळ बिघडत का नाही? कारण फायदाही तसाच कापलेला आहे. विषाच्या बाटलीचा असर ४५ सेकंद, बाणावर तो आठवा हिस्सा, म्हणजे साडेपाच सेकंदांच्या आसपास. कोळ्याला विष बाधत नाही. झोंबी आणि सांगाड्यालाही नाही. इजा करणारा बाण झोंबीला मारला तर तो उलट बरा होतो! शिवाय धनुष्यावर ‘इन्फिनिटी’ असली तरी औषधी बाण खर्च होतातच. प्रत्येक बाणाला कुठे तरी अडवणारं काही ठेवलेलं आहे. नवा बाण बनवताना नेमकं हेच विसरलं जातं.

पोरांची पहिली कल्पना बहुतेक स्फोटाचा बाण असते. समजा, एका टीएनटीतून आठ बाण अशी रेसिपी लिहिली. टीएनटीला पाच दारू आणि चार वाळू लागते. म्हणजे साध्या मालात आठ स्फोट, तेही लांबून, स्वतःला धोका नाही. मग तलवार कोण बनवेल, चिलखत कशाला? आणि नंदुरबारच्या भावाने महिनाभर बांधलेला वाडा एका संध्याकाळी साफ. हा बाण करायचाच तर एका टीएनटीला एकच बाण ठेवा, आणि स्फोटाने ठोकळे फुटणार नाहीत असं लिहा.

त्यापेक्षा चांगली कल्पना आपल्याच सातपुड्यात आहे. भिल्ल तीरकामठ्यात सगळे बाण एकसारखे नसत. लोखंडी पात्याचे असत, तसे पाखरांसाठी बोथट लाकडी टोकाचेही. खेळात असा बोथट बाण का नको? गारगोटीच्या जागी लाकूड, इजा नावालाच, पण धक्का जोरदार. खडी खणायची कटकट नाही म्हणून एकदम स्वस्त, आणि कड्यावर उभ्या शत्रूला खाली लोटायला उत्तम. सपाट मैदानात फारसा कामाचा नाही, हीच त्याची अडचण. मला विचाराल तर स्फोटाच्या बाणापेक्षा यात डोकं जास्त लागतं. दुसरा, उजेडाचा बाण. एक बाण, एक टॉर्च, आणि तो जिथे रुतेल तिथे दिवा. पाण्यात लागणार नाही.

बनवायचं कसं? बेडरॉकमध्ये त्याला अ‍ॅड-ऑन म्हणतात. त्याचे दोन भाग: रिसोर्स पॅकमध्ये चित्र आणि आवाज, बिहेवियर पॅकमध्ये वागणूक. दोन्हींत मुख्यतः जेसॉनच्या साध्या मजकूर फाइली असतात. रेसिपीच्या फाइलीत तीन ओळींचा नकाशा, कुठल्या अक्षराला कुठली वस्तू आणि शेवटी किती नग मिळणार ते. बाणाचा वेग, वजन आणि इजा ‘प्रोजेक्टाइल’ या भागात. नेहमीचं धनुष्य तुमचा बाण आपोआप ओळखेल असं धरू नका, त्याचं नाव दारूगोळा म्हणून घेणारं वेगळं धनुष्य लिहिलेलं बरं. ज्याच्या फोनवर जग उघडलंय त्याच्याकडे अ‍ॅड-ऑन असला की पुरे, बाकीच्यांच्या फोनवर तो जोडताना उतरतो. पण आधी जगाची कॉपी करून ठेवा आणि प्रयोग त्या कॉपीवरच करा.

घरच्यांसाठी एक गोष्ट. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने बंदी आली ती पैसे लावून खेळायच्या खेळांवर, यात तसा डाव नाही. मात्र आतल्या दुकानात वस्तू विकत मिळतात, तेव्हा फोनवरच्या खरेदीला पासवर्ड असू द्या.

आकडे ठरले की दहा बाण मारून बघा. साध्या बाणाने झोंबी किती बाणांत पडतो, नव्याने किती, ते वहीत लिहा. नवा बाण दुप्पट भारी असेल तर मालही दुप्पट लागायला हवा, नाहीतर नग कमी करा. आणि रेसिपी नेहमीच्या क्राफ्टिंग टेबलालाच जोडा. बाण बनवायचं टेबल म्हणून फ्लेचिंग टेबल २०१९ मध्ये खेळात आलंय खरं, पण गावातल्या बाणवाल्याला धंद्याला लावण्यापलीकडे त्यावर काहीच बनत नाही.